परिग्रहाच्या यादीतलं नाणं

आम्ही नाणी जमवणाऱ्यांनी एक सोयीची वाटणी करून ठेवली आहे. छंद म्हणून जमवतो तो रसिक. पैसा गुंतवायला म्हणून जमवतो तो व्यापारी. पहिला सात्त्विक, दुसरा लोभी. नाण्यांच्या प्रदर्शनात दोन संग्राहक भेटले की चहा संपायच्या आत तिसऱ्या कुणाबद्दल तरी म्हटलं जातंच, “त्याला नाण्यातलं काही कळत नाही हो, तो इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतो.” म्हणणाऱ्याच्या आवाजात तेव्हा निर्जळी एकादशी धरलेल्या माणसाचा सूर असतो.

मी सांगलीकडचा जैन. परिग्रह, म्हणजे वस्तू आपल्या म्हणून जवळ बाळगणं, हा शब्द आमच्याकडे पोरवयापासून कानावर पडतो. त्याच्या मापानं मोजलं तर ही वाटणी टिकत नाही. उलट रसिकाचंच पारडं जास्त खाली जातं, असं माझं मत होत गेलं. ते नीट मांडून पाहावं म्हणून हे लिहितो आहे.

मी बँकेत कॅशियर होतो आणि माझा संग्रह काउंटरवरच सुरू झाला. एस.टी.चे कंडक्टर, किराणा दुकानदार, देवस्थानांची माणसं चिल्लरीच्या पिशव्या आणून ओतायची. मोजता मोजता बोटांना सवय लागते. वेगळं नाणं हाताला आधी कळतं, डोळ्याला नंतर. सालाखाली हिऱ्याची खूण असली तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असली तर हैदराबादचं, ठिपका असला तर नोएडाचं आणि काहीच नसलं तर कोलकात्याचं. एवढं कळलं की चिल्लर मोजण्याचा कंटाळा जातो. हवं ते नाणं मी बाजूला काढायचो आणि खिशातलं तेवढ्याच किमतीचं पिशवीत टाकायचो. रुपयाला रुपया, चाराण्याला चाराणे. ना बँकेचं नुकसान, ना माझा फायदा. छंद की गुंतवणूक हा प्रश्नच तेव्हा नव्हता, कारण नाण्याची किंमत नाण्यावरच लिहिलेली होती.

प्रश्न आला तो शिवराईबरोबर. पहिली शिवराई मला कोल्हापुरात एका तांबटाच्या दुकानात, मोडीच्या भांड्यांच्या ढिगात मिळाली, तांब्याच्या वजनावर. दहा-बारा ग्रॅमचं जाडजूड तांबं. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांची किनार. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे अख्खा मजकूर क्वचितच एका नाण्यावर उतरतो. कुठे ‘श्री’ची वेलांटी चकतीबाहेर गेलेली असते, कुठे ‘त्र’ अर्धाच असतो. काहींवर ‘शिव’च्या जागी ‘सिव’ आहे. ही सगळीच नाणी शिवाजी महाराजांच्या हयातीतली नाहीत. हाच मजकूर पुढच्या छत्रपतींच्या काळातही चालू राहिला, पेशवाईत दुदांडी शिवराई आली, आणि इंग्रजी अमलातही खेड्यापाड्यांच्या बाजारात शिवराई बरीच वर्षं चालत राहिली. कोणतं नाणं कधीचं हे अक्षरांच्या वळणावरून, ठिपक्यांवरून, वजनावरून ठरवावं लागतं. नाद लागतो तो इथे.

आता या नाण्यांना बाजारभाव आहे. तो शिक्क्यावर लिहिलेल्या किमतीशी जुळत नाही आणि तांब्याच्या भावाशीही नाही. घेणाऱ्याला किती हवंसं वाटतं यावर तो ठरतो. आणि बाजारभाव आला की भाचा येतो.

माझा भाचा पुण्यात म्युच्युअल फंडांच्या धंद्यात आहे. दिवाळीला आला तेव्हा त्यानं माझी वही मागून घेतली. बँकेच्या लेजरसारखी आखलेली वही आहे ती: नाणं, वजन, मजकूर, कुठे सापडलं, कुणाकडून घेतलं, शेवटी दिलेली किंमत.

“मामा, यात किंमत आहे ती घेतलेली. आजची कुठाय?”

“आजची कशाला?”

“मग संपत्ती मोजायची कशी?”

त्यानं लॅपटॉप उघडून नवा तक्ता केला. खरेदी, आजचा भाव, वाढ, टक्केवारी. ‘कुठे सापडलं’ हा रकाना त्यात नव्हता. पण भाचा प्रामाणिक आहे. तक्ता पुरा झाल्यावर तोच म्हणाला, “गुंतवणूक म्हणून हे वाईटच आहे मामा. व्याज नाही, लाभांश नाही, विकायला गेलं की दुकानदार घेण्याचा भाव वेगळा सांगणार. सराफाकडून सरळ चांदी घेतली असती तरी बरं होतं.” त्याचं चूक नव्हतं. ब्रिटिशकाळातल्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम. १९३९ पर्यंत त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी असे, १९४० पासून ती अर्ध्यावर आली आणि १९४७ ला रुपया निकेलचा झाला. साधा राजाछाप रुपया चांदीच्या भावाच्या मागेमागेच चालतो. फार वर चढतात ती नेमकी थोडी नाणी, जसा १९३९ चा रुपया, आणि ती सामान्य माणसाच्या हाती लागत नाहीत.

मग त्यानं विचारलं, “तुम्ही विकणार केव्हा?”

“विकायचं नाहीच.”

“कितीही भाव आला तरी?”

“कितीही.”

तो हसला. “मग मामा, तुमचा लोभ माझ्यापेक्षा मोठा. माझ्या लोभाला निदान एक आकडा आहे.”

घरातली सगळी हसली. मला मात्र ते वाक्य शास्त्राच्या जवळचं वाटलं.

भाद्रपद शुद्ध पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत आमचं दशलक्षण पर्व असतं. त्या दिवसांत बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय, रोज एक याप्रमाणे, अर्थासह सांगितले जातात. सातव्या दिवशी व्रतांचा अध्याय येतो. आचार्य उमास्वामींनी तिथे परिग्रहाची व्याख्या एका शब्दात केली आहे: मूर्च्छा. म्हणजे ममत्व, गुंतणं, ‘हे माझं’ असं मनात घट्ट बसणं. वस्तू किती आहेत याचा त्या व्याख्येत उल्लेख नाही, कशासाठी घेतल्या याचाही नाही. सर्वार्थसिद्धि या टीकेत आचार्य पूज्यपाद आणखी पुढे जातात. बाहेर वस्तू नसली तरी ‘हे माझं’ असा संकल्प मनात असेल तर तो माणूस परिग्रहीच, असं ते म्हणतात. म्हणून वस्तू निर्दोष सुटते असंही नाही; ती मूर्च्छेचं कारण होते, तेव्हा तिचीही गणना परिग्रहातच.

आमच्या परंपरेत या परिग्रहाची चक्क यादी आहे. बाह्य परिग्रह दहा: शेत, घर, हिरण्य, सुवर्ण, गुरंढोरं, धान्य, दासी, दास, कापडचोपड, भांडीकुंडी. यातलं हिरण्य म्हणजे व्यवहारात चालणारी चांदी वगैरे, असा अर्थ टीकेत दिला आहे. तेव्हा नाणं यादीत आहेच, सोन्याच्या शेजारी. अंतरंग परिग्रह चौदा: मिथ्यात्व, मग क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय, आणि हास्य, रति, अरति, शोक, भय, जुगुप्सा नि तीन वेद असे नऊ नोकषाय.

ही चौदा नावं ऐकताना मी एकदा त्यांत आम्हा संग्राहकांना शोधू लागलो. लोभ भाच्याच्या वाट्याचा, हे उघडच. पण त्याच यादीत रति आहे, म्हणजे आवडीच्या वस्तूत मन रमणं. आम्ही ज्याला मोठ्या अभिमानानं छंद म्हणतो ते हेच. भय आहे: परगावी गेलो की कपाटाच्या किल्लीची काळजी. शोक आहे: हातचं नाणं गेलं की आठवडाभर रुखरुख. मान आहे: प्रदर्शनात आपल्या काचपेटीपुढे गर्दी जमली की छाती फुगते. आणि माया, म्हणजे कपट, तीही आहे. आमच्या मंडळींत सर्वांत रंगवून सांगितली जाणारी गोष्ट कोणती, तर ‘त्या म्हातारीला ठाऊकच नव्हतं, मी दहा रुपयांत उचललं.’ ही गोष्ट गुंतवणूकदार सांगत नाहीत, रसिकच सांगतात. गुंतवणूकदाराला नाणं ओळखताच येत नाही. तो पावतीवर, प्रमाणपत्रावर, भाव लावून घेतो. अडाण्याकडून स्वस्तात उचलण्याची कला ज्ञानाशिवाय येत नाही.

लोभ आणि रति एकाच यादीत शेजार करून बसल्या आहेत, आणि यादी लिहिणाऱ्यांनी रतीला काही सूट दिलेली नाही. मूर्च्छेच्या मापानं पाहिलं तर भाचा कमी गुंतलेला, कारण त्याचा हात कुठल्यातरी भावाला उघडतो. माझा हात कुठल्याच भावाला उघडत नाही.

वस्तू नसताना परिग्रह कसा असतो, हे मला आमच्या गावच्या बस्तीत कळलं. दानपेटी उघडली की मोजायला मला बोलावतात. एका खेपेस चिल्लरीत चांदीचा रुपया निघाला. पंचम जॉर्जचा, साल १९११. नाणी जमवणाऱ्यांत हा ‘डुकराचा रुपया’ म्हणून ओळखला जातो. राजाच्या अंगरख्यावर एक बारीकसा हत्ती कोरलेला आहे. त्याची सोंड इतकी आखूड की तो डुकरासारखा दिसतो. लोकांच्या धार्मिक भावना दुखावल्या, तक्रारी झाल्या, सरकारनं ती नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ पासून हत्ती सुधारून घेतला. जी थोडी बाहेर राहिली त्यांतलं हे एक, कुणाच्या तरी आजीच्या गाठोड्यातून पेटीत आलेलं.

कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, “आण्णा, तुम्हीच घ्या की. एक रुपया टाका आणि घेऊन जावा.”

त्या खोलीत तो हत्ती ओळखणारा मी एकटा होतो. पण देवाला वाहिलेलं द्रव्य आपल्या घरी नेणं आमच्यात मोठं पाप मानतात. मी नाणं काय आहे ते सगळ्यांना सांगितलं, भिंगातून सोंड दाखवली आणि म्हणालो, “सवाल करा.” आमच्या भागात अभिषेकाचा, आरतीचा मान बोली बोलून घेतात, त्याला सवाल म्हणतात. पुढच्या कार्यक्रमात त्या रुपयाचा सवाल झाला. हत्तीची गोष्ट ऐकून लोक चढले, त्यात देवकार्याला पैसा जातो म्हणून हात सैल सुटले, आणि बोली माझ्या ऐपतीच्या पुढे गेली. एका सराफानं रुपया घेतला. खिशात टाकला आणि पुढच्या सवालाकडे वळला.

मी घरी येऊन जेवायला बसलो. बायको म्हणाली, “काय हरवलंय काय?” हरवलं काहीच नव्हतं. तो रुपया एक क्षणही माझा नव्हता. पण ताटात बघताना मला ती सोंड दिसत होती. ज्यानं घेतला त्याला त्याचं काही नव्हतं, आणि ज्यानं घेतला नाही तो परिग्रहात बुडालेला. पूज्यपादांचं ते वाक्य मी अनेक पर्वांत ऐकलं होतं. समजलं ते त्या जेवणात.

मग काय, छंद सोडून द्यायचा? हा प्रश्न मी कुंभोजजवळच्या बाहुबलीला चातुर्मासात एका महाराजांना विचारला. दिगंबर मुनींजवळ तीनच गोष्टी असू शकतात: मोरपिसांची पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र. पिच्छी संयमाचं उपकरण, बसायच्या जागेवरची किडामुंगी हळूच बाजूला करायला, कमंडलू शुचितेचं, शास्त्र ज्ञानाचं. नमोस्तु करून मी खिशातली शिवराई त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हातात घेतली नाही, नुसती पाहिली.

“काय लिहिलंय?”

मी वाचून दाखवलं. ठसा, किनार, अक्षरांचं वळण, सगळं सांगत बसलो. ते शांतपणे ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “वाचून झालं ना? मग आता यात तुमचं काय उरलं?”

जवळच्या ग्रंथावर हात ठेवून ते पुढे म्हणाले, “हे शास्त्र माझ्याजवळ आहे, माझं नाही. वाचून झालं की इथल्या कपाटात राहील. पुढचा वाचेल.”

या उत्तरावर मी बराच काळ विचार करत राहिलो, आणि मला त्यात एक वाट दिसली. पूज्यपादांच्या त्याच टीकेत एक शंका घेतली आहे. ‘हे माझं’ हा भावच परिग्रह असेल, तर माझं ज्ञान हाही परिग्रह का होऊ नये? उत्तर असं की ज्ञान हा आत्म्याचा स्वभाव आहे, ते टाकण्यासारखं नाही, म्हणून ते परिग्रह होत नाही. तिथलं ज्ञान मोक्षमार्गाचं. शिवराईच्या ठिपक्यांचं ज्ञान त्या तोलाचं आहे असा दावा मी करणार नाही. पण दिशा तीच घेता येते. नाणं परिग्रहाच्या यादीत आहे, त्याचं वाचन नाही. वाचन दुसऱ्याला दिलं तर माझ्याकडचं कमी होत नाही. नाणं ज्ञानाचं उपकरण म्हणून वापरता आलं, तर श्रावकाला, म्हणजे संसारी जैनाला, ते जवळ ठेवायला एक बरं कारण मिळतं. आणि उपकरणाला एक अट असते: काम झालं की ते पुढे द्यायचं. चातुर्मास संपला की पिच्छी-परिवर्तनाचा समारंभ होतो. वापरून झिजलेली पिच्छी महाराज व्रत घेणाऱ्या श्रावकाला देतात आणि नवी घेतात. ज्यांच्याजवळ तीनच वस्तू आहेत त्यांच्याही मागे वस्तू सोडण्याचा नेम लावून दिलेला आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

महाराजांच्या प्रश्नाचं एक उत्तर मात्र माझ्याकडे होतं, जे त्या वेळी सुचलं नाही. वाचून झाल्यावर नाण्यात माझं काही उरत नसेल, पण पुढच्या वाचणाऱ्याचं उरतं. आमच्या शेजारच्या कोल्हापूरचंच उदाहरण घ्या. तिथे शिशाची जुनी नाणी सापडली आहेत. एका बाजूला धनुष्यबाण आणि भोवती ब्राह्मी अक्षरं, दुसऱ्या बाजूला चैत्य नि झाड. त्यांवर वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर आणि गोतमीपुत्र विळिवायकुर अशी तीन राजांची नावं येतात. हे राजे आपल्याला मुख्यतः या नाण्यांमुळेच माहीत आहेत. त्यांतला आधीचा कोण, नंतरचा कोण? एकाच्या नाण्यावर दुसऱ्यानं आपला ठसा मारला होता, आणि खालचा पुसट ठसा पंडित भगवानलाल इंद्रजींनी नीट पाहिला. शिवलकुरानं पहिल्याच्या नाण्यांवर ठसा मारलेला, आणि गोतमीपुत्रानं त्या दोघांच्याही. एवढ्यावर तीन राजांचा क्रम लागला. शिशाला बाजारात भाव नसतो. सुंदर दिसावं असंही त्यात काही नाही. रसिकाच्या काचपेटीत ते मागच्या रांगेत जातं आणि गुंतवणूकदार त्याला हातही लावत नाही. तरी एका घराण्याचा इतिहास त्यावर उभा आहे.

नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला, सुमारे सव्वातेरा हजार नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला शिक्का पुन्हा मारला होता. जिंकलेल्या राजाची नाणी गोळा करून त्यांवर आपली सत्ता उमटवण्याचा हा पुरावा. तो बोलका झाला, कारण साठा एकत्र मोजला गेला. तीच नाणी एकेक करून गावोगावच्या बाजारात गेली असती तर प्रत्येक नाण्याला गिऱ्हाईक मिळालं असतं; नऊ हजारांवर शिक्का आहे आणि बाकीच्यांवर नाही, ही गोष्ट मात्र कुणालाच कळली नसती. साठा फोडणारा हात छंदाचा होता की धंद्याचा, यानं इतिहासाच्या तोट्यात काही फरक पडत नाही.

साठे आजही फुटतात. नांगराला लागलेलं मडकं शेतकरी सरकारात देत नाही, याला कारण आहे. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. सरकारनं ते स्वतःसाठी घ्यायचं ठरवलं तर मोबदला मिळतो धातूच्या किमतीइतका आणि वर तिचा पाचवा हिस्सा. बाजार त्याच नाण्याला धातूच्या कितीतरी पट देतो. मग मडकं रात्रीतून सराफाकडे जातं, काही आटवलं जातं, काही आमच्यापर्यंत येतं. आमच्यापर्यंत आलेल्या नाण्याला गाव नसतं, शेत नसतं, शेजारची नाणी नसतात. विक्रेता म्हणतो, “कुठून आलं ते विचारू नका.” आणि बहुतेकजण विचारत नाहीत.

भाच्यानं जाताना आणखी एक सुचवलं होतं, की चांगली दोन-चार नाणी अमेरिकेला ग्रेडिंगला पाठवू. तिथे सत्तर गुणांच्या मापानं प्रत ठरवून नाणं प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करून देतात, मग भाव चांगला येतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही, १९७२ चा कायदा आहे, हे मी त्याला सांगितलं. पण कायदा नसता तरी मला ती पेटी नको होती. बंद पेटीतल्या नाण्याचं वजन करता येत नाही, दगडावर वाजवून नाद ऐकता येत नाही. त्याचं वाचन संपलं असं कुणीतरी परस्पर जाहीर करून टाकलेलं असतं.

न वाचता भाव विचारण्याची खोड आता घरोघर गेली आहे. शेजारच्या वहिनी एकदा वैष्णोदेवीचं २०१२ चं पाच रुपयांचं नाणं घेऊन आल्या. मोबाइलवर त्याला लाखांचा भाव दाखवत होते आणि आधी ‘टॅक्स’ भरायला सांगत होते. अशाच फसवणुकीपासून सावध करायला ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला निवेदन काढावं लागलं. मी वहिनींना ते नाणं देव्हाऱ्यात ठेवायला सांगितलं. तिथे त्याची किंमत पाच रुपयेही नाही आणि लाखही नाही.

श्रावकाला मुनींसारखं सगळं सोडायला कुणी सांगत नाही. त्याला पाचवं अणुव्रत दिलं आहे, परिग्रहपरिमाण: आपल्या वस्तूंची मर्यादा स्वतः ठरवायची आणि ती ओलांडायची नाही. मी माझी ठरवली. फक्त शिवराई, आणि ती कपाटाच्या एका खणात मावेल तेवढीच. नवी घ्यायची तर एक जुनी बाहेर जाईल. बाहेर जाणाऱ्या नाण्याबरोबर त्याची चिठ्ठी जाते: वजन, मजकूर, कुठून आलं. शिकणारा पोरगा असेल तर मी नाणं तसंच देतो, इतरांना रास्त भावानं विकतो. विकणाऱ्याला नाण्याची माहिती नसेल तर आधी त्याला ती सांगतो, मग भाव विचारतो. यात कधी कधी नाणं हातचं जातं, ते जाऊ देतो. बघायला, फोटो काढायला कुणी आलं तर कपाट उघडतो. भाव मिळाला की मला आनंद होतो, ते मी लपवत नाही. मूर्च्छा गेली आहे असंही मी म्हणत नाही. खण भरत आला की ती अजून कळ काढते.

भाच्यालाही मी हेच सांगितलं. गुंतवणूक करायची तर खुशाल कर, पण तक्त्यात ‘कुठे सापडलं’चा रकाना घाल, आणि विकताना तो रकाना नाण्याबरोबर दे. त्याला ते पटलं, कारण त्यानं भाव वाढतो. कारण कुठलंही असो, रकाना आला.

म्हणून छंद आणि गुंतवणूक यांत पुण्य-पाप वाटून देण्याचा उद्योग आपण थांबवावा. माणसानं नाणं कशासाठी घेतलं हे त्याचं मन जाणो. आपल्याला बघता येतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत: त्यानं ते वाचलं का, लिहून ठेवलं का, विकणाऱ्याला फसवलं का, आणि वेळ आली तेव्हा ते हातातून सुटलं का.

तुमच्या घरातही जुनी नाणी असतील, देव्हाऱ्यात, आजीच्या डब्यात, बँकेच्या लॉकरमध्ये. ती चिंचेनं घासू नका. कुणी कुठून आणली हे घरातल्या जाणत्या माणसाला आजच विचारा आणि एका कागदावर लिहून नाण्याजवळ ठेवा. मग ठेवायची तर ठेवा, विकायची तर विका. विकलीत म्हणून कुणी तुम्हाला लोभी म्हणणार नाही, आणि ठेवलीत एवढ्यावर तुम्ही रसिक ठरणार नाही.